चहा ठेवला

बाबा गेल्यापासून गावी आई एकटीच असते. म्हणून मी बाबांच्या फोटोपुढच्या फळीखाली पत्त्यांच्या कॅटएवढा, बिनखोक्याचा कॉम्प्युटर बसवला आणि कपाच्या जागी वजन ओळखणारी चकती. सकाळी सहाला आईनं बाबांपुढे चहा ठेवला, की सायगॉन शहरात माझ्या मोबाइलवर निरोप येतो, 'चहा ठेवला.' म्हणजे आई उठली, बरी आहे. पूर्वी रोज सकाळी फोन करायचो, तो हळूहळू सुटला.

टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा, सण झाला आणि यंत्र बिघडलं. आठवड्यातून दोन-तीनदा सात वाजले तरी निरोप येईना. फोन लावला, की आई पहिल्याच घंटीला उचलायची.

"बाबांना चहा नाही ठेवलास?"

"ठेवतेय रे. तू काही खाल्लंस का?"

मग शेजारच्या थुई मावशीच्या बदकांपासून सगळं सांगत बसायची. मी नुसता हं हं करायचो. डोक्यात एकच, वायर कुठे सैल झाली असेल.

शेवटी रविवारी नवी चकती घेतली आणि न कळवता पहिल्या बसनं गेलो. सव्वासातला दारात पोचलो. आई फोटोपुढे बसली होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात निवलेला चहा.

"अहो, रागावू नका," ती बाबांना सांगत होती. "जरा थांबा. तुम्हाला चहा दिला, की त्याचा फोन येत नाही."