आतून न उघडणारं दार

जुनी गाडी पेट्रोल पीत नव्हती, ढोसत होती. शेवटी काकांनी एका डीलरकडे लिटरमागे दुप्पट पळणारी एक सेकंडहँड गाडी हेरली आणि जुनी त्याच डीलरच्या दारात नेऊन उभी केली.

"बाकी गाडी ठणठणीत आहे," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "फक्त डावीकडचं दार आतून उघडत नाही. इतकी वर्षं दर वेळी मी वळसा घालून यायचं, दार उघडायचं, मग आमच्या राणीसाहेब उतरणार!"

डीलर आत बसला, दार ओढून घेतलं आणि आतूनच खटकन उघडून बाहेर आला. काका बघतच राहिले. काकू भिंतीवरचं कॅलेंडर एकदम मन लावून वाचू लागल्या.

दोघं नव्या गाडीतून घरी आले. फाटकाशी गाडी थांबली, तशी काकूंनी मुकाट्यानं दाराच्या हँडलकडे हात नेला.

"थांब गं." काका उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी दार उघडलं. "याचंही आतून उघडत नसणार."

"नसणारच," काकू त्यांचा हात धरून उतरल्या. "सेकंडहँड गाडी म्हटल्यावर एवढंतेवढं चालायचंच."