करंगळीशेजारचं बोट

राजेश्वरीच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. तरी सुट्टीवर पलूसला आलेल्या फौजी भावाची, जयराजची, गिटार ती रोज मांडीवर घेऊन बसायची. समोर मोबाइल. त्यातलं ॲप तिचं वाजवणं ऐकून चूक की बरोबर ते दाखवायचं.

ए मायनर या कॉर्डला अंगठ्याशेजारची तीन बोटं लागतात. ती उरलेली दोन ठेवायची आणि तारा छेडायची. मोबाइलचा पडदा लाल व्हायचा, म्हणजे चूक.

"ताई, बोटच न्हाई तर कसं वाजंल? सोड की आता," जयराज म्हणाला.

"दोन हायत न्हवं? ती नीट दाबतीया मी."

पुन्हा लाल. सुट्टी संपत आली तेव्हा जयराजनंच वैतागून पुढचा धडा उघडला. नवा कॉर्ड, ए मायनर सेव्हन्थ. मोबाइलमधली बाई सांगत होती, "ए मायनर धरा आणि करंगळीशेजारचं बोट उचला. बाकीची दोन तशीच राहू द्या."

जयराज बहिणीच्या हाताकडं बघत राहिला. तिनं तारा छेडल्या. पडदा हिरवा झाला.

"ह्यात नवीन काय हाय रं?" राजेश्वरी म्हणाली. "हे तर मी पयल्या दिवसापास्नं वाजवतीया. पुढचा धडा काढ."