छोट्या दांड्याचा दोरा

"चिखल संपला की गिअरशेजारचा छोटा दांडा दोन चाकांवर आण. कोरड्या सडकेवर चारही चाकं जुंपून वळलीस, तर आतले दाते तुटतात." जीप शिकवताना यांनी बजावलेलं. आता यांची नजर गेली. मागच्या महिन्यात दीर केळीच्या बागेतल्या चिखलातून निघाले ते दांडा न बदलता बुऱ्हाणपूरपर्यंत गेले. दाते तुटले, जीप पडून राहिली, शेजारच्या सोजरबाईंचं डायलिसिस चुकलं. "यापुढे चुकणार नाही," मी त्यांना शब्द दिला. आज दुरुस्त जीपमधून त्यांना डायलिसिसला नेण्याआधी पूजेतला लाल दोरा छोट्या दांड्याला बांधला. "वहिनी, गाडी दोऱ्यानं चालते का?" सोजरबाईंना धरून बसलेले दीर हसले. चिखल तुडवत निंबोल्याची कोरडी सडक गाठली. मी थांबले. "रुकता कशाला? टाईम निकल रहा है!" दीर म्हणाले. चाकं सरळ केली, दोरा बोटांना लागला. दांडा दोन चाकांवर आणला, देवाचं नाव घेतलं आणि हळूच निघाले.