शेवटच्या घरासाठी चार टायर

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. गोष्ट गाडीच्या टायरची आहे. नाक मुरडू नका, देवाला काळ्या रबराचं वावडं नाही.

तर सिस्टर दुकानात शिरली ती थेट सगळ्यांत रुंद टायरपाशी जाऊन उभी राहिली. "काका, हे चार बसवा. दणकट दिसतायत."

टायरवाला काका उकिडवा बसून तिच्या गाडीचं पुढचं चाक न्याहाळत होता. मान वर न करता म्हणाला, "दिसायला पैलवान आहेत खरे. पण पैलवान म्हटला की खुराक आला. गाडी आखाड्यात उतरवायचीय का?"

"छे हो! साधा डांबरी रस्ता. रोजचाच."

रोजचा म्हणजे घरोघरच्या आजाऱ्यांचा. कुणाची मलमपट्टी, कुणाचं इंजेक्शन, कुणाला मागच्या सीटवर घालून दवाखान्यात न्यायचं. ती ज्या सेवासंस्थेत होती, ती संस्था आठवड्याला एक टाकी पेट्रोल देई. ती टाकी शनिवारच्या शेवटच्या घराला पुरत नसे. तलावापलीकडे घड्याळवाले आजोबा एकटे राहत, पायाची जखम घेऊन. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. आतापर्यंत सिस्टर डब्यातून जादा पेट्रोल मागून नेई. आता संस्थेने हात वर केले होते. टाकीत बसत नसेल तर ते घर यादीतून काढा आणि एक तारखेला आजोबांना वृद्धांच्या वॉर्डात हलवा, असं ठरलं होतं.

"आजोबांना सांगितलंत?" हे सगळं ऐकून काकाने विचारलं.

"दर शनिवारी सांगायचं ठरवून जाते, आणि पट्टी बांधून परत येते." सिस्टर रुंद टायरवरून हात फिरवत राहिली. "चाळीस वर्षं ज्या खिडकीशी बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, तिथून त्यांना कसं उठवू?"

काकाने चाकाच्या कडेवरून अंगठा ओढला. मग दुसऱ्या चाकाशी गेला, तिसऱ्याशी, चौथ्याशी. उठताना गुडघे कडकड वाजले.

"ताई, एक विचारू? रागवायचं नाही. हवा कोण काढतं?"

सिस्टर गोरीमोरी झाली.

"दोन्ही कडा झिजून सपाट आणि मधली नक्षी जशीच्या तशी. ही चाकं वर्षभर अर्धपोटी धावलीत. पंक्चर असतं तर एकच चाक रडलं असतं. इथे चौघंही एकाच सुरात आहेत."

"मीच काढते," ती हळूच म्हणाली. "पंपावर भरून घेते, कोपऱ्यावर वळले की पिनेनं थोडी सोडते. मागे गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं असतात, बाळंतिणी असतात. टणक चाकानं गचका बसतो. कण्हतात हो काका. ऐकवत नाही."

काका हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"म्हणजे तुमची माया पेट्रोल पीत होती."

"किती?"

"मऊ चाक रस्त्याला चिकटून चालतं, इंजिनाला ओढावं लागतं. आठवड्याच्या एका टाकीत पंधरावीस किलोमीटर सहज जातात."

सिस्टर टायरच्या चळतीवर मटकन बसली. "म्हणजे आजोबांचा रस्ता मीच खाल्ला?"

"तुम्हीच. आणि ओकायचाही तुम्हीच. उठा."

त्याने आतून एक टायर आणला. अंगाने बारीक, वजनाला हलका, दिसायला अगदी बापुडवाणा.

"हा? हा पावसात टिकेल का?"

"अहो, त्यावरची चिठ्ठी वाचा. एक खूण इंधनाची, दुसरी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची. दोन्ही चांगल्या आहेत का ते बघायचं. नुसतं पेट्रोल वाचवून पाण्यात घसरणारा टायर मी माझ्या सासऱ्यालाही देणार नाही, आणि त्या माणसाशी माझं वीस वर्षं पटलेलं नाही."

चार टायर चढले. काकाने गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा आकडा तिला मोठ्याने वाचायला लावला आणि तेवढीच हवा भरली. "महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना. आणि ती पीन इथे ठेवा." सिस्टरने मुकाट्याने पीन त्याच्या तळहातावर ठेवली. "मागच्या सीटवर जाड गादी घाला. माया तिथे ठेवायची, चाकात नाही."

मग त्याने ब्रेक सोडायला लावून तिला गाडीमागे उभं केलं. "लोटा. एका हातानं."

सिस्टरने हात टेकला. गाडी पुढे सरकली, जणू कुणी हाक मारली होती.

शनिवारी ती तलावापलीकडे पोचली, तेव्हा पेट्रोलचा काटा लाल खुणेच्या बराच वर होता. तिने दोनदा काचेवर टिचकी मारून पाहिलं. काटा हलला नाही.

आजोबा खिडकीशी होते. तिला दारात पाहून त्यांनी दचकून तोंडावर हात धरला.

"अगं, ही काय चोरपावलं!" ते बोटांआडून बोळक्यानं म्हणाले. "एरवी वळणावरच घरघर ऐकू येते, तेवढ्यात मी दात बसवून घेतो. आज सावरायलाही वेळ दिला नाहीस!"

सिस्टर त्यांच्या पायाशी बसली आणि पट्टी सोडू लागली. सांगायचं म्हणून इतके शनिवार घोळवलेलं वाक्य आता तिच्या तोंडी नव्हतंच.

"पुढच्या शनिवारी वळणावरून हॉर्न वाजवीन," ती म्हणाली.

"आणि त्याच्या पुढच्या?"

"त्याच्याही पुढच्या."

एवढंच. आज दिवा लावून हात जोडाल, तेव्हा त्या टायरवाल्या काकाची आठवण ठेवा. त्याचे हात दिवसभर चाकाला लागलेले असतात, जोडायला त्याला सवड होत नाही.