राहत्या जागेचा पुरावा

मोफत वकील देणाऱ्या कचेरीच्या खिडकीतून तिचा अर्ज चौथ्यांदा परत आला.

"राहत्या जागेचा पुरावा कुठाय?" कारकून बाईंनी विचारलं.

"घरी आहे."

"मग आणा की."

"घरी जाता येत नाही मला. नवरा दार उघडत नाही. म्हणून तर वकील हवाय."

कारकून बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी अर्जावर तो पुरावा काही उगवला नाही. "मग बहिणीकडचं काहीतरी आणा. तिच्या घरमालकाची सही आणा."

"मी तिथे राहते हे घरमालकाला कळलं तर तो बहिणीलाही बाहेर काढेल."

"मग बसा. साहेब आले की विचारते."

ती बाकावर बसली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, आणि मुकादमाने रजा देताना असं तोंड केलं होतं, जणू त्याच्या खिशातून काही काढून घेतलंय. परवावर कोर्टाची तारीख होती. सहा वर्षांची मुलगी कुणाकडे राहणार, ते परवा ठरायचं होतं. फुकट वकील मिळतो म्हणतात; मिळतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला चपला झिजतात, त्याचे पैसे कुणी धरत नाही.

आतलं दार उघडलं. एका तरुण वकिलाने डोकं बाहेर काढून आडनाव पुकारलं.

तिचंच आडनाव. ती अशी उठली की बाक मागे सरकला. कारकून बाई खिडकीशी नव्हत्या; चहाला गेल्या असाव्यात. देवच पावला असं तिला वाटलं.

"मुलीच्या ताब्याचं ना?" वकिलाने विचारलं. "बसा. फाइल आत्ताच हातात पडलीय, अजून उघडलेली नाही. तुम्हीच सांगा. आणि सगळं सांगा, वाईटसुद्धा. ते उद्या समोरच्याकडून कळलं तर पंचाईत होते."

घराबाहेर पडल्यापासूनच्या चार महिन्यांत तिला कुणी "बसा, सांगा" म्हटलं नव्हतं. तिला रडूच कोसळणार होतं, पण ती सांगत सुटली. मारहाण सांगितली. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं, ते सांगितलं. वकील भराभरा लिहून घेत होता, मधेच मान हलवत होता. तिला हलकं वाटायला लागलं.

"आणि तुमच्याकडून काही?"

तिने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा पोरीला घरात कोंडून कामावर गेले होते. शेजारीण आली नाही आणि खाडा केला तर काम जाणार होतं. बाहेरून कुलूप लावलं. परत आले तर पोरीने स्टोव्ह पेटवायला घेतलेला. हात भाजला तिचा. मी सांगितलं सगळ्यांना, गरम चहा सांडला म्हणून."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही. कुण्णालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

वकिलाने तेही लिहिलं. मग कागद लावायला फाइल उघडली आणि पहिल्या पानाशीच थबकला. पान वाचलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पान वाचलं.

"बाई, हा अर्ज तुमचा नाहीये."

"म्हणजे?"

"तुमच्या नवऱ्याचा आहे. तुम्ही सांगितला तोच पत्ता, तेच मुलीचं नाव. दोन दिवसांपूर्वी दिलाय त्यांनी. कागद सगळे पूर्ण होते. लगेच मंजूर झाला. मी त्यांचा वकील आहे."

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती रागावणार कुणावर? समोरच्या पोराच्या कपाळावर घाम आला होता.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं," तो पुटपुटला.

"तुम्हीच म्हणालात, वाईटसुद्धा सांगा."

 तिने त्याने लिहून घेतलेल्या टेबलावरच्या कागदाकडे हात नेला. "तेवढा द्या साहेब. पाया पडते."

दार ढकलून तिचा नवरा आत आला. भांग पाडलेला, हातात प्रतींचा गठ्ठा. तिला पाहून तो जागीच थांबला, मग वकिलाकडे वळला.

"झेरॉक्सला गेलो होतो साहेब. माझं नाव पुकारलंत का?"

"हो," वकील म्हणाला. त्याने कागद फायलीत ठेवला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."