दुसरं इंजेक्शन
दवाखान्यात रांग वाढली होती, नर्सबाई घाईत होत्या. "बाई, मागं हेच इंजेक्शन घेतलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या," म्हातारे मास्तर म्हणाले. "गांधी काय, डास चावला तरी उठतात!" असं हसण्यावारी नेत नर्सबाईंनी सुई टोचली. दोन मिनिटांत मास्तरांचा श्वास कोंडला, ओठ काळेनिळे पडले. डॉक्टरांनी धावत येऊन दुसरं औषध टोचलं, तेव्हा कुठे मास्तर सावरले. "रक्तातल्या पेशी एकदा ओळखलेलं औषध कधीच विसरत नाहीत, दुसऱ्यांदा दुप्पट जोरानं तुटून पडतात," डॉक्टर रागावले. "आधी त्रास झाला असेल, तर सांगायचं नाही का?" मास्तरांनी नर्सबाईंच्या हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे पाहिलं. "चुकलंच. विसरलो मी," ते पुटपुटले. नर्सबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मास्तर विसरले नव्हते, डॉक्टर," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं. मीच हसले."