बिननावाची बातमी
कारखान्याच्या सांडपाण्यामुळे वस्तीतली माणसे आजारी पडल्याची बातमी तिने सकाळी रेडिओवर वाचली आणि दुपारी तिच्या घराच्या खिडकीवर दगड आला. संध्याकाळी केंद्रप्रमुख बातमीपत्राचे कागद घेऊन स्टुडिओत आले. “बाई, आज सुरुवातीला स्वतःचं नाव सांगू नका. बातमीतून कारखान्याचं नावही काढलंय. तुमच्याच काळजीपोटी म्हणतोय.” “साहेब, बिननावाची बातमी म्हणजे अफवा. ती पसरवायला रेडिओ कशाला हवा?” “घरचे काय म्हणतात?” “नवरा म्हणतो, माहेरचं आडनाव सांग, म्हणजे सासरच्या काचा तरी वाचतील.” साहेब हसले नाहीत. “मग उद्याची जबाबदारी तुमची,” म्हणत त्यांनी दार ओढून घेतले. लाल दिवा लागला. वर्षानुवर्षे सवयीने उच्चारलेले नाव तिने सावकाश, सासरच्या आडनावासकट सांगितले. पुढे कागदावर ‘एका कारखान्याच्या’ असे छापले होते. तिथे तिने कारखान्याचे नाव घेतले, मालकाच्या आडनावासकट.